सशांच्या शिंका आणि घटसर्पाची लस

आधी थेट उत्तर देतो, कारणं मग. गाई-म्हशींची घटसर्पाची लस सशांना टोचू नका. अर्धा मिली नको आणि पाव मिलीही नको. आणलेली बाटली सीलबंद आणि फ्रीजमध्येच राहिलेली असेल, तर दवाखान्यात विचारून गोठ्यातल्या म्हशींसाठी वापरा. तिचा खरा उपयोग तिथेच आहे.

आता तुमचा प्रश्न सगळ्यांसाठी थोडक्यात मांडतो. फलटणकडच्या भागात तुमचं शेड आहे. 40 माद्या, 6 नर, न्यूझीलंड व्हाइट आणि सोव्हिएत चिंचिला या जातींचे. पावसाळा संपता संपता शिंका सुरू झाल्या. पाचएक माद्यांच्या नाकातून पांढरा घट्ट शेंबूड येतो, एका मादीची मान वाकडी झाली आहे, आणि प्रत्येक वेतातली काही पिल्लं दूध तोडल्यावर धापा टाकत मरतात. औषध दिलं की आठवडाभर बरं वाटतं, मग परत तेच. औषध दुकानदार म्हणतो घटसर्पाची लस मारा, जिवाणू एकच आहे. इंग्लंडमधला भाचा म्हणतो, तिथे सशांना दर वर्षी लस देतात, मग आपल्याकडे का नाही? आणि पुढच्या महिन्यात दहा नव्या माद्या येणार आहेत, त्याआधी तुम्हाला लसीचं काम उरकून टाकायचं आहे.

‘कोणती लस द्यावी’ असं तुम्ही विचारलंय, पण तुमची खरी अडचण ‘हे पुन्हा पुन्हा का येतं’ ही आहे. दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत, आणि पहिल्याच्या मागे लागलं की दुसरं राहून जातं.

दुकानदाराचं अर्धं बरोबर आहे. घटसर्प करणारा जिवाणू पाश्चुरेला मल्टोसिडाच, आणि सशांच्या नाकातलं हे दुखणं बहुतेक वेळा त्याच जिवाणूमुळे होतं. पण या जिवाणूच्या अंगावरच्या आवरणानुसार त्याचे पाच गट पडतात: ए, बी, डी, ई आणि एफ. आपल्याकडच्या म्हशींना घटसर्प होतो तो बी गटामुळे, आणि औंधच्या सरकारी संस्थेत तयार होणारी लसही त्याच गटाची असते. सशांच्या नाकात सापडतो तो बहुतांशी ए गट, काही वेळा डी. मेलेल्या जिवाणूंपासून केलेल्या लसीचं संरक्षण मुख्यतः ज्या प्रकारापासून ती बनवली त्याच प्रकारापुरतं असतं. म्हणजे तुम्ही टोचाल एकासाठी आणि नाकात बसलाय दुसराच.

शिवाय ती लस तीन-चारशे किलोच्या जनावरासाठी बनवलेली आहे. तीन किलोच्या सशाला डोस किती द्यायचा याचा कुणाकडेही आधार नाही, सगळे अंदाजाने मारतात. त्यात अख्खे जिवाणू असतात, त्यांच्या आवरणातलं विष सशाला झेपत नाही. ससा खाणं सोडतो, गाभण मादी गाभडू शकते. तेलातली लस असेल तर मानेवर गाठ येते, ती कधी फुटते आणि तिथेच पू साचतो. सशाचा पू दह्यासारखा घट्ट असतो, सुईने ओढला जात नाही, चिरून काढावा लागतो. अशा गाठी घेऊन आलेले ससे मी पाहिले आहेत. मालक म्हणतो, ‘शिंका तर थांबल्या नाहीतच, वर हे.’

भाच्याचंही खरं आहे, पण तो वेगळ्या रोगांबद्दल बोलतोय. इंग्लंडमध्ये सशांना दर वर्षी जी लस देतात ती मिक्सोमॅटोसिस आणि रक्तस्रावी रोग या दोन विषाणूजन्य रोगांसाठी. रक्तस्रावी रोग 1984 मध्ये चीनमध्ये पहिल्यांदा दिसला, त्याचा दुसरा प्रकार 2010 मध्ये फ्रान्समध्ये आला, आणि दोन्ही प्रकार धडधाकट ससा काही दिवसांत संपवू शकतात. तिथल्या लशी या विषाणूंसाठी आहेत. वाहत्या नाकासाठी नेहमीची लस तिथल्या दवाखान्यातही नसते. भाच्याच्या सशाला शिंका आल्या तर त्याचा डॉक्टरही स्वॅब (नाकात बोळा फिरवून घेतलेला नमुना) आणि औषधाच्याच वाटेने जाईल. चीनमध्ये मात्र रक्तस्रावी रोग आणि पाश्चुरेला यांची एकत्र मृत लस मोठ्या फार्मवर वापरतात.

मग पाश्चुरेलाची योग्य गटाची लस मिळाली तर? इथे थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण अपेक्षा इथेच चुकते.

हा जिवाणू नाकाच्या आतल्या अस्तरावर, वाकड्यातिकड्या हाडांच्या पोकळ्यांत आणि मधल्या कानात ठाण मांडून बसतो. मातीतून उडून आला आणि गेला असं त्याचं नसतं. पिल्लाला तो पहिल्या काही आठवड्यांतच आईकडून मिळतो. आई तोंड लावते, चाटते, शिंकते. बरेच ससे वर्षानुवर्षं तो बाळगून असतात आणि दिसायला ठणठणीत असतात. वेत आलं, ऊन चढलं, शेडमध्ये वास कोंडला, गाडीने प्रवास झाला की नाक वाहायला लागतं. टोचलेल्या लसीमुळे रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे जिवाणूशी लढणारे घटक, तयार होतात. त्याने न्यूमोनिया आणि जिवाणू रक्तात पसरून होणारी मर कमी होऊ शकते. नाकाच्या अस्तरावर मात्र त्याचा जोर फार पोचत नाही, आणि आधीपासून तिथे बसलेला जिवाणू लसीने निघत नाही. चोर घरात मुक्कामाला असताना दाराला नवं कुलूप लावण्यासारखं आहे हे.

म्हणून लस दिलेल्या शेडमध्येही शिंका राहतात. मर घटली तर लस लागू पडली. पण मालक शिंका मोजत असतो, त्याला वाटतं पैसे पाण्यात गेले.

युरोपात मोठे ससेपालक एक मार्ग वापरतात: स्वतःच्याच शेडमधून जिवाणू वेगळा करून त्याचीच मृत लस बनवून घेणं. ऑटोजिनस लस म्हणतात तिला. यात गट चुकत नाही. दोन डोस काही आठवड्यांच्या अंतराने आणि पुढे ठरावीक काळाने बूस्टर. मी याला नाही म्हणणार नाही, पण माझ्या अटी आहेत. जिवाणू प्रयोगशाळेत ओळखलेला हवा. लस बनवणाऱ्याकडे परवाना आणि निर्जंतुकतेच्या चाचणीचा कागद हवा. आणि सर्वांत आधी शेडची हवा आणि छाटणी (रोगी ससे कळपातून काढणं) ही दोन कामं झालेली हवीत. हे नसेल तर बिनलेबलाच्या बाटलीतून आपण शेडमध्ये काय टोचतोय हे देवालाच ठाऊक. 40 माद्यांच्या शेडला ही लस परवडेल का, हे मर किती आहे त्यावर ठरेल. दर वेताला एक-दोन पिल्लं जात असतील तर माझं मत नको असं आहे. अर्धी पिलावळ जात असेल तर विचार करा.

आता शेडमध्ये काय करायचं ते.

सकाळी खाद्य टाकायच्या आधी जा. प्रत्येक सशाचे पुढचे पाय हातात घ्या आणि आतली बाजू बघा. ससा नाक पुसतो ते पुढच्या पंजाच्या आतल्या बाजूने, त्यामुळे नाक स्वच्छ दिसलं तरी तिथली लव चिकट, पिवळट-करडी, गोळा झालेली असते. मी तरी आधी पाय बघतो, नाक नंतर. मग टॉर्चने नाकपुड्या, डोळ्यांच्या कडा, कानाच्या आत. कानात तपकिरी खपल्या असतील तर ती खरूज आहे, तिचं औषध वेगळं. मान वाकडी होण्याचं कारण मधल्या कानातला पू असू शकतो, पण एन्सेफॅलिटोझून नावाचा परजीवीही तेच करतो. शिंका आणि पायाची चिकट लव सोबत असेल तर पाश्चुरेलाची शक्यता जास्त.

नुसत्या शिंकांवरून मात्र ठरवू नका. पेलेट (गोळी खाद्य) टाकल्या टाकल्या सगळं शेड शिंकत असेल आणि अर्ध्या तासात शांत होत असेल, तर तो पेलेटच्या भुग्याचा त्रास आहे. पोत्याच्या तळाचा भुगा चाळून काढा. एखादाच ससा दिवसभर शिंकतो आणि त्याचे पाय चिकट आहेत, तो रोगी.

मग तीन गट पाडा: स्पष्ट आजारी, संशयित, स्वच्छ. पिंजऱ्यांवर रंगाचे पट्टे बांधा, वहीत नोंद करा. आणि नरांपासून सुरुवात करा, माद्यांपासून नको. तुमच्याकडे 6 नर आहेत, म्हणजे एक नर सहा-सात माद्यांना लागतो. शिंकणारा एक नर महिन्याभरात अख्ख्या रांगेला देऊन मोकळा होतो. मिलनाच्या वेळी नाकाला नाक तर लागतंच, पण हा जिवाणू नराच्या वृषणात आणि मादीच्या गर्भाशयातही पू करतो. फिरून फिरून न राहणाऱ्या माद्या तुमच्याकडे असतील तर हे लक्षात ठेवा. नाक वाहणारा नर कितीही देखणा असो, तो प्रजननातून आजच काढा.

माद्यांच्या बाबतीत हात आखडतो, हे मला माहीत आहे. ‘ही दर वेताला आठ पिल्लं देते डॉक्टर, फक्त जरा शिंकते.’ तीच मादी दर वेताला आठ पिल्लांना रोग देते. पांढरा घट्ट शेंबूड असलेल्या पाच आणि वाकड्या मानेची एक, या सहा माद्या मी कळपातून काढीन. संशयित माद्यांना वेगळ्या ओळीत ठेवून एक-दोन वेतं बघता येईल, पण त्यांची पिल्लं पैदाशीसाठी ठेवायची नाहीत, फक्त वाढवून विकायची. पुढची मादी आणि पुढचा नर नेहमी स्वच्छ आईच्या पोटचाच निवडा. चार-पाच पिढ्या हा नियम पाळला की शेड जसं बदलतं तसं कुठल्या इंजेक्शनने बदललेलं मी पाहिलेलं नाही.

घरी एकच लाडका ससा असलेल्यांनी इथे घाबरून जाऊ नये. छाटणी हा कळपाचा हिशेब आहे. घरच्या सशाला महिनाभर औषध, स्वच्छ जागा आणि नियमित तपासणी यावर कित्येक वर्षं बरं ठेवता येतं. फक्त त्याच्यासोबत गिनीपिग ठेवू नका. सशाच्या नाकात निमूट राहणारा बोर्डेटेला नावाचा दुसरा जिवाणू गिनीपिगला जिवावर बेततो.

आता हवा. तुमच्या फोटोत पिंजऱ्यांखाली लेंड्यांचा ढीग दिसतो आणि बाजूंना गोणपाटाचे पडदे जमिनीपर्यंत सोडलेले. रात्रीचे बारा वाजता शेडमध्ये जा, पिंजऱ्याच्या उंचीला वाका आणि दोन मिनिटं तिथेच श्वास घ्या. उभ्याने वास येत नाही, कारण तुमचं नाक वर आहे. डोळे चुरचुरले तर सशाच्या नाकाचं काय होत असेल? ससा नाकानेच श्वास घेतो, तोंडाने घ्यायची वेळ आली म्हणजे तो शेवटाकडे चाललाय. मूत्रातून निघणारा अमोनिया नाकातली बारीक केसांसारखी झाडू निकामी करतो, आणि एरवी बाहेर फेकला जाणारा जिवाणू आतच राहतो.

पडद्याचा वरचा फूट-दीड फूट भाग कायम उघडा ठेवा. थंडीतसुद्धा. सशाला थंडी सोसते, कोंडमारा सोसत नाही. लेंड्या आठवड्यातून दोनदा काढा, मूत्र एका बाजूला वाहून जाईल असा उतार द्या. आणि एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक शेडमध्ये उलटी होते: वास आला की लोक ओल्या लेंड्यांवर चुना मारतात. चुन्याने ढीग अल्कधर्मी होतो आणि त्यातला अमोनिया उलट झपाट्याने बाहेर पडतो. चुना मारायचा तर ढीग काढून, जमीन धुऊन, वाळल्यावर. ढिगावरच काही टाकायचं असेल तर थोडं सिंगल सुपर फॉस्फेट टाका. ते आम्लधर्मी असतं, अमोनिया धरून ठेवतं, आणि नंतर खतही चांगलं होतं.

उन्हाळ्यात फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारं यंत्र) लावत असाल तर तेही जपून. पारा चाळिशीला गेला की पाणी मारायलाच हवं, सशाला घाम येत नाही, तो कानांतून उष्णता टाकतो. पण बंद शेडमध्ये दिवसभर धुकं म्हणजे ओल आणि अमोनिया एकत्र. छपरावर पाणी मारा, पंखा चालू ठेवा, फॉगर थांबून थांबून चालवा.

काम करताना क्रम पाळा. आधी स्वच्छ रांग, मग संशयित, आजारी शेवटी, आणि मग हात धुऊन अंगातला ॲप्रन बदला. पिल्लांची खोकी एका मादीकडून दुसरीकडे नेताना धुऊन कडक उन्हात वाळवा. हा जिवाणू वाळलेल्या जागी आणि उन्हात फार टिकत नाही.

औषधाबद्दल थोडं, पण डोस लिहिणार नाही. तो तुमच्या भागातला डॉक्टर वजन बघून ठरवेल. तुम्ही लिहिलंय तीन दिवस इंजेक्शन दिलं आणि बरं वाटल्यावर थांबवलं. तीन दिवसांत स्राव पातळ होतो, जिवाणू तिथेच राहतो; निदान दोन आठवडे तरी लागतात, जुन्या दुखण्याला त्याहून जास्त. आणि दर दोन महिन्यांनी तेच औषध तीन-तीन दिवस दिल्याने ते लागू पडेनासं होतं. म्हणून एकदा तरी स्वॅब काढून कोणतं औषध चालतं ते तपासून घ्या. विकायच्या सशांना औषध दिलं असेल तर मांसात अंश राहू नये म्हणून किती दिवस थांबायचं तेही डॉक्टरांनाच विचारा.

दोन गोष्टी मात्र कुणी सांगितल्या तरी करू नका. लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप सशाला पाजू नका. त्याच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, वाईट वाढतात, आणि ससा नाकाच्या नव्हे तर पोटाच्या दुखण्याने दोन-चार दिवसांत जातो. तोंडावाटे अ‍ॅम्पिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन यांचंही तेच. दुसरं म्हणजे ‘लवकर फरक पडावा’ म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. सूज उतरते, ससा चार दिवस तरतरीत दिसतो, पण त्याची प्रतिकारशक्ती त्याने एकदम खाली येते आणि लपलेला जिवाणू छातीत उतरतो.

प्रयोगशाळेसाठी नमुना द्यायचा तर औषध सुरू करायच्या आधी, आणि नाकाच्या बाहेरच्या शेंबडाचा नव्हे. बाहेरच्या शेंबडात धुळीतले सगळे जिवाणू उगवतात. बारीक स्वॅब आत घालावा लागतो, ससा झटका देतो, पाठीचा कणा मोडू शकतो, म्हणून हे काम डॉक्टरांकडूनच करून घ्या. त्याहून सोपं म्हणजे धापा टाकून नुकतंच मेलेलं पिल्लू बर्फावर ठेवून त्याच दिवशी पोचवणं. फ्रीजरमध्ये गोठवू नका. तुम्हाला पुण्याचा औंधचा रोग अन्वेषण विभाग किंवा शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल. जाण्याआधी फोन करून विचारा. फुप्फुसाचा पुढचा-खालचा भाग कडक, यकृतासारखा झालेला आणि वर पूचा थर असेल तर चित्र पुरेसं स्पष्ट आहे. आणि कधी मोठे ससे धडाधड, नाकातून रक्त येऊन मेले, तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुसंवर्धन विभागाला कळवा. तो वेगळा रोग असू शकतो.

स्वतःचीही काळजी घ्या. सशाने ओरबाडलं किंवा चावलं तर जखम साबणाने धुवा. लाल होऊन सुजली तर डॉक्टरांना ‘ससा चावलाय’ हे आवर्जून सांगा, कारण हा जिवाणू माणसाच्या जखमेतही वाढतो.

राहिल्या दहा नव्या माद्या. पुढच्या महिन्यात आणू नका. आजच्या शेडमध्ये त्या आल्या तर प्रवासाचा ताण, नवी जागा आणि शेजारी शिंकणारी मादी, असं सगळं एकदम त्यांच्यावर येईल. आधी छाटणी आणि पडदे हे काम करा, दोन वेतं बघा. आगाऊ रक्कम दिलीच असेल तर विक्रेत्याशी बोलून तारीख पुढे ढकला, आणि घ्यायला जाल तेव्हा गाडीत भरण्याआधी प्रत्येक मादीचे पुढचे पाय उलटून बघा. त्याच्या शेडमधल्या नरांचेही बघा. विकणारा ते दाखवायला नाखूष दिसला तर दुसरीकडे जा. आणल्यावर निदान महिनाभर त्या वेगळ्या छपराखाली ठेवा, त्यांचं खाद्य-पाणी तुमचा सगळा कळप उरकल्यावर शेवटी करा, आणि त्या काळात एकही शिंकली तर तिला एकटीला बाजूला काढून बाकीच्यांचा महिना पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजा.